पत्रा तापला तरी वर्ग का तापावा?

उन्हाळा सुरू झाला की अनेक गावांत शाळा सकाळची होते. त्याचे कारण शिक्षकांना वेगळे सांगायला नको. दुपारच्या वेळी पत्र्याच्या वर्गात बसवत नाही. मुले पेंगू लागतात, वहीने वारा घेऊ लागतात आणि फळ्यावरच्या गणिताकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. यावर सहसा दोन उपाय सुचवले जातात. पंखे लावा, नाहीतर पत्रा काढून स्लॅब टाका. पंख्यांना वीज लागते, आणि ते वर्गातली तापलेली हवाच फिरवतात. स्लॅबला पैसा बराच लागतो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. मग तिसरा एखादा मार्ग आहे का? पश्चिम आफ्रिकेतील एका खेड्याने तो आपली प्राथमिक शाळा बांधून दाखवला आहे. ती इमारत समजून घेताना वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णतेच्या संक्रमणाचे तिन्ही प्रकार आपोआप अभ्यासले जातात.

गांदोची शाळा

बुर्किना फासो हा देश सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस आहे. उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. राजधानी वागाडूगूपासून सुमारे २०० किलोमीटरवर गांदो नावाचे खेडे आहे. फ्रान्सिस केरे यांचा जन्म १९६५ साली या गावात झाला. गावात शाळा नव्हती, म्हणून वयाच्या सातव्या वर्षी त्यांना घर सोडून तेनकोदोगो या गावी जावे लागले. तेथील वर्ग सिमेंटचा, अंधारा आणि अतिशय उकाड्याचा होता, आणि त्यात शंभराहून अधिक मुले बसत. पुढे सुतारकामाच्या शिक्षणासाठी केरे जर्मनीला गेले व नंतर बर्लिनमध्ये वास्तुशास्त्र शिकू लागले. विद्यार्थी असतानाच, १९९८ साली, त्यांनी आपल्या गावच्या शाळेसाठी निधी जमवणारी संस्था काढली. २००१ साली शाळा उभी राहिली.

गावात वीज नव्हती. तेव्हा वर्ग थंड ठेवण्याचे काम यंत्राने नव्हे, तर इमारतीनेच करायचे होते.

उष्णता येते कोठून?

समजा, आपला वर्ग ६ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब आहे. म्हणजे छप्पर सुमारे ४८ चौरस मीटरचे झाले. स्वच्छ आकाश असताना भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सौरऊर्जा पडते. याचा अर्थ, १००० वॅटच्या ४८ विजेच्या शेगड्या छपरावर पेटवून ठेवल्यासारखे झाले! भिंतींवर त्या वेळी ऊन तिरपे पडते, त्यामुळे त्यांचा वाटा बराच कमी असतो. दुपारच्या वर्गाचा खरा शत्रू छपरावरून येतो.

यातली काही ऊर्जा परावर्तित होते, काही वारा घेऊन जातो. तरीही समजा, फक्त चौथा हिस्सा आत आला, तर तो १२ किलोवॅट होतो. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे केवळ छपराची उष्णता उपसण्यासाठी साडेतीन टनांची यंत्रे हवीत. उष्णता आधी आत घ्यायची आणि मग वीज खर्चून बाहेर काढायची, हा उलटा व्यवहार झाला. कमी ऊर्जेत चालणाऱ्या इमारतीचा पहिला नियम म्हणूनच असा : उष्णता दारातच अडवा.

आता आणखी एक अनुभव आठवा. पत्र्याच्या वर्गातील तापमापक ३८ अंश दाखवतो, पण डोके मात्र त्याहून अधिक तापल्यासारखे वाटते. याचे कारण प्रारण. वस्तूतून बाहेर पडणारे प्रारण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. जुना, मळकट पत्रा ६५ अंशांपर्यंत तापला, तर त्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ७४० वॅट प्रारण खाली येते. छताचा खालचा पृष्ठभाग ३५ अंशांवर असेल, तर हा आकडा सुमारे ५१० वॅट असतो. आपल्या त्वचेचे तापमानही साधारण ३४-३५ अंश असते. त्यामुळे अशा छताला आपण जेवढे देतो जवळजवळ तेवढेच त्याच्याकडून घेतो. तापलेल्या पत्र्याखाली मात्र चौरस मीटरमागे २३० वॅटचा जादा मारा होतो. तो हवेतून सरळ येतो, म्हणून पंखा त्याला अडवू शकत नाही.

एकाऐवजी दोन छपरे

केरे यांनी पत्रा टाळला नाही. पावसापासून संरक्षण देणारी ती स्वस्त आणि हलकी वस्तू आहे. त्यांनी फक्त त्याची जागा बदलली.

भिंती मातीच्या विटांच्या आहेत. स्थानिक मातीत थोडे सिमेंट मिसळून, साच्यात दाबून या विटा पाडल्या. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, म्हणजे सरपणही वाचते. वर्गावर काँक्रीटच्या तुळया, तुळयांवर लोखंडी सळया आणि सळयांवर त्याच मातीच्या विटा नुसत्या रचून ठेवल्या आहेत. हे झाले छत. विटांमध्ये फटी आहेत. या छताच्या वर, मोकळी जागा सोडून, सळयांच्या हलक्या कैच्यांवर पन्हळी पत्र्याचे छप्पर उभे केले आहे. ते भिंतींच्या पुष्कळ बाहेर आलेले आहे.

यात काय घडते ते पाहू. ऊन पत्र्यावर पडते आणि पत्रा तापतो. पण त्याच्याखाली चारही बाजूंनी मोकळी हवा आहे. ती तापून हलकी होते व निघून जाते, आणि जाताना पत्र्याची बरीच उष्णता नेते. पत्र्याचे प्रारण खाली येते ते मुलांच्या डोक्यावर नव्हे, विटांच्या छतावर पडते. जाड माती उष्णता सावकाश शोषते, त्यामुळे छताची खालची बाजू शाळेच्या वेळात फारशी तापत नाही. वर्गातली उबदार हवा छताच्या फटींतून वर जाते आणि तिची जागा घ्यायला खिडक्यांच्या झडपांतून बाहेरची हवा आत येते. बाहेर आलेला पत्रा भिंतींवर सावली धरतो. पावसाळ्यात मातीच्या भिंती भिजण्यापासून वाचतात त्याही त्यामुळेच. तीन वर्गांच्या मधल्या जागाही याच छपराखाली आहेत, आणि पडवीसारख्या त्या शिकायला-खेळायला उपयोगी पडतात.

गावकऱ्यांना आधी हे पटले नव्हते. मातीच्या भिंती पावसात ढासळतात हा त्यांचा अनुभव होता. पण पुढे सारे गाव कामाला लागले. मुलांनी पायासाठी दगड वाहून आणले, बायांनी पाणी भरले. यारी आणणे परवडणारे नव्हते, म्हणून कैच्या तेथेच केल्या. त्यासाठी लोकांना हातकरवत आणि छोटे वेल्डिंग यंत्र चालवायला शिकवले. शाळेला २००४ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. सुरुवातीला १२० विद्यार्थी होते, ते पुढे ७०० झाले. २०२२ साली केरे यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकी वास्तुशास्त्रज्ञ.

मर्यादाही लक्षात घ्या

ही इमारत म्हणजे शीतकपाट नव्हे. बाहेर ४० अंशांची हवा असेल, तर खिडकीतून तीच आत येणार. फायदा होतो तो प्रारण थांबल्याने, हवा खेळती राहिल्याने आणि रात्री थंड झालेली माती दिवसा उष्णता शोषून घेते म्हणून. हा शेवटचा भाग कोरड्या हवेत चांगला साधतो, कारण तेथे रात्री तापमान बरेच उतरते. मराठवाडा, खानदेश, विदर्भातील जाड मातीची धाब्याची घरे याच तत्त्वावर उभी आहेत. कोकण-गोव्यात दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा आणि हवा दमट. तेथे जाड भिंतींपेक्षा सावली आणि वारा महत्त्वाचा. उंच, उतरत्या कौलारू छपराच्या फटींतून गरम हवा निघून जाते, हे तेथील उत्तर.

वर्गात करून पाहा

पुठ्ठ्याची सारख्या आकाराची तीन खोकी घ्या. प्रत्येकाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना सारखी छोटी भोके पाडा. पहिल्या खोक्यावर नुसता पत्रा ठेवा. दुसऱ्यावर पुठ्ठ्याचे झाकण आणि त्याला चिकटून पत्रा. तिसऱ्यावर तेच झाकण, पण पत्रा चार बुचांवर सुमारे पाच सेंटिमीटर उचललेला व कडेने थोडा बाहेर आलेला. तिन्हींत तापमापक टांगा. ते कशालाही टेकू देऊ नका. खोकी उन्हात ठेवून दर दहा मिनिटांनी नोंदी घ्या व आलेख काढा. नोंदींपूर्वी मुलांना अंदाज लिहायला सांगा. तिसऱ्या खोक्याच्या फटीजवळ उदबत्ती धरली तर हवेची वाटही दिसेल. पत्र्याच्या धारदार कडांना आधी कागदी पट्टी चिकटवा, आणि तापलेल्या पत्र्याला कोणी हात लावणार नाही याची काळजी घ्या.

सध्याच्या शाळेवर दुसरे छप्पर चढवणे लगेच जमणार नाही. पण पत्र्याला वरून पांढरा चुना देता येतो, म्हणजे ऊन परावर्तित होते. पत्र्याखाली एक-दीड फुटावर बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधता येते. मात्र दोन्ही त्रिकोणी भिंतींत वर झरोके ठेवायला विसरू नका, नाहीतर गरम हवा तेथेच कोंडेल. पाखरे येऊ नयेत म्हणून झरोक्यांना जाळी लावावी, आणि तट्ट्या विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात. आधी एकाच वर्गात हे करा. महिनाभर त्याच्या व शेजारच्या वर्गाच्या तापमानाच्या नोंदी मुलांकडून ठेवून घ्या. पुढच्या वेळी ग्रामसभेत शाळेच्या इमारतीचा विषय निघेल, तेव्हा मुलांची ती वही सोबत न्या.