पाणबुड्याच्या श्वासयंत्रासाठी घरचे मेज

समुद्रात २० मीटर खोल गेलेल्या पाणबुड्याच्या शरीरावर सुमारे ३ वातावरणे दाब असतो. एक हवेचा आणि दोन पाण्याचे. तितक्याच दाबाची हवा मिळाली, तरच त्याची छाती फुगू शकते. अशी हवा मागणीप्रमाणे पुरवणारे यंत्र फ्रान्समध्ये झाक कूस्तो व अभियंता एमील गान्याँ यांनी १९४३ साली तयार केले. आपल्याकडे मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रातही अशी यंत्रे घेऊन लोक पाण्यात उतरतात. या यंत्रातील दोष पाण्यात नव्हे, तर घरच्या मेजावरच लक्षात यावा, म्हणून मेजावर काय ठेवावे, ते पाहू या.

प्रथम यंत्राची रचना समजून घेऊ. टाकीतील हवेचा दाब सुमारे २०० बार असतो. (१ बार म्हणजे जवळजवळ १ वातावरण.) टाकीवरची पहिली झडप हा दाब उतरवून सभोवतालच्या दाबापेक्षा फक्त ९ ते १० बार जास्त ठेवते. ही हवा नळीतून तोंडाजवळच्या दुसऱ्या झडपेकडे येते. तेथे एक रबरी पडदा असतो. श्वास ओढला की पडदा आत झुकतो, तरफ दाबली जाते आणि हवा सुटते.

या यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे मीठ. १ किलोग्रॅम समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकले की त्यांचे टोकदार स्फटिक झडपेत आणि रबरी कड्यांपाशी राहतात. म्हणून मेजाशेजारी पहिली वस्तू हवी ती गोड्या कोमट पाण्याची बादली. यंत्र सुकण्यापूर्वीच त्यात भिजवावे. मात्र पहिल्या झडपेच्या तोंडावर टोपण घट्ट बसवलेले असावे, नाहीतर पाणीच आत शिरेल.

मेजावर भरपूर उजेड, पांढरे कापड, भिंग आणि सुटे भाग ठेवण्यासाठी खणांची थाळी असावी. रबरी कडी काढायला पोलादी टोच्या वापरू नये. पोलाद पितळेपेक्षा कठीण असल्याने खाचेत ओरखडा पडतो आणि त्यातून हवा गळते. टोच्या पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा घ्यावा. साधे तेल, वंगण मेजापासून दूर ठेवावे. सायकलचा पंप मारताना तो तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. टाकी झटकन उघडली तर नळीतील हवाही तशीच दाबली जाऊन तापते. मिश्रणात ऑक्सिजन जास्त असेल, तर तेल पेटू शकते.

आता दोन मोजमापे. पहिल्यासाठी दाबमापक नळीला जोडावा आणि टाकी सावकाश उघडावी. काटा ९ ते १० बारच्या दरम्यान, त्या यंत्रासाठी ठरलेल्या आकड्यावर स्थिर राहिला पाहिजे. तो हळूहळू वर सरकू लागला, तर पहिली झडप नीट मिटत नाही असे समजावे. अशा वेळी दुसऱ्या झडपेतून हवा आपोआप वाहू लागते आणि पाण्याखाली टाकी अवेळी रिकामी होते.

दुसरे मोजमाप बादलीतच होते. हवा चालू ठेवून दुसरी झडप, तोंडात धरायचा भाग वर ठेवून, हळूहळू पाण्यात बुडवावी. पडदा सुमारे २.५ ते ४ सेंमी खोल गेला की हवेचा फुसकारा ऐकू येतो. पाण्याच्या तेवढ्या उंचीचा दाब झडप उघडायला लागतो. फार खोलवर आवाज आला नाही, तर श्वास ओढायला जड जाईल.

यंत्र उघडून भाग बदलण्याचे काम मात्र प्रशिक्षण घेतलेल्यानेच करावे. टाकीची दाबचाचणी तर घरी कधीच करू नये. १२ लिटरच्या भरलेल्या टाकीत सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. एवढ्या ऊर्जेने १ टनाचे वजन १०० मीटर उंच उचलता येईल!

पाणबुड्याला किती जोराने ओढावे लागते, हे तुम्हीही अजमावू शकता. पेल्यातील पाण्यात पारदर्शक नळी उभी धरा आणि पाणी पातळीपासून फक्त ४ सेंमी वर चढेल इतकेच ओढा. मग १० सेंमी चढवून फरक पाहा.