टपाल तिकिटावरील जाई-मोगऱ्याचा दरवळ

सुरतेच्या पर्वत पाटिया व लगतच्या लिंबायत परिसरात खानदेशातून येऊन स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. अशा दाट वस्तीत अंगण नसले, तरी सज्जातील कुंडीत मोगरा फुलू शकतो. एकेकाळी गावाकडची खुशालीही पत्रानेच कळत असे. पत्र आणि फूल यांची भेट भारतीय टपाल खात्याने २६ एप्रिल २००८ रोजी घडवून आणली. जाई-मोगऱ्याच्या कुळातील फुलांची ५ व १५ रुपयांची सुगंधी तिकिटे त्या दिवशी प्रसिद्ध झाली.

त्यापूर्वी १३ डिसेंबर २००६ रोजी चंदनाचे आणि ७ फेब्रुवारी २००७ रोजी गुलाबाची सुगंधी तिकिटे निघाली होती. शेजारच्या भूतानने तर १९७३ मध्येच गुलाबाची सुगंधी तिकिटे काढली होती.

कागदाला गंध येतो कसा? सुगंधी द्रव्य डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कुप्यांत बंद करून त्यांचा थर छपाईच्या वेळी तिकिटावर दिला जातो. बोटाने हलकेच चोळताच काही कुप्या फुटतात आणि दरवळ सुटतो. फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही. म्हणून प्रत्येक स्पर्शागणिक गंधाचा साठा घटत जातो.

फुलाची रीत याहून निराळी आहे. मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या दिवसा खुडल्या, तरी त्या सायंकाळी उमलतात आणि वेलीपासून तुटल्यानंतरही गंध निर्माण करीत राहतात. गजऱ्याचे सारे वैभव या गुणावर उभे आहे. हा गंध मात्र नाजूक असतो. गुलाबाचे अत्तर वाफेने काढता येते. जाई-मोगऱ्याचा गंध त्या उष्णतेत बिघडतो. म्हणून पूर्वी तिळांच्या थरांत फुले पसरून, गंध शोषलेले तीळ घाण्यात गाळून फुलेल तयार करीत. आज त्यासाठी रासायनिक द्रावकांचा उपयोग होतो.

गोमंतकीयांना या फुलाची थोरवी सांगावयास नको. म्हार्दोळची जाई प्रसिद्ध आहे आणि तेथील श्री महालसा देवस्थानात होणारी जायांची पूजा हा त्या फुलाचा व ते पिकविणाऱ्या कुटुंबांचाही उत्सव आहे.

संग्राहकापुढे मात्र पेच उरतो. तिकीट चोळावे, तर गंध सरतो. न चोळावे, तर तो अनुभवता येत नाही. एकाच तिकिटाच्या दोन प्रती असल्यास एक हाताळावी आणि दुसरी उष्णता व दमट हवेपासून दूर, स्वतंत्र पाकिटात ठेवावी. सुरत असो वा गोवा, किनारपट्टीच्या पावसाळ्यात तिकिटामागचा डिंकही ओलाव्याने चिकटतो, याचे भान हवे. एवढे जपूनही कागदावरचा गंध एक दिवस विरेल; कुंडीतला मोगरा मात्र पाणी घालणारा हात असेतोवर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फुलेल.