ग्रास कटरचं ऑइल आणि वॉरंटी : २० मिलीचा हिशोब



गणपती झाले, पाऊस उघडीप देऊ लागला. आता आंबा-काजूच्या बागेतलं गवत काढायची घाई सुरू होईल. दर वर्षी याच दिवसांत आपल्या ऑफिसला फोन येतात, "ग्रास कटर जाम झालाय, काय करू?" म्हणून या वेळी औषध-खताचं सोडून ऑइलवर लिहितोय. मेसेज मोठा आहे, पण सावकाश वाचा आणि सेव्ह करून ठेवा.

आधी माझी चूक सांगतो. मागच्या हंगामात आपल्या एका सभासद काकांनी फोन करून विचारलं, "ऑइल कुठलं घालू?" मी गडबडीत होतो. "टू-टी ऑइल घाला, चालतं," एवढं सांगून मोकळा झालो. कुठला दर्जा, किती प्रमाण, काहीच विचारलं नाही. काकांनी गॅरेजमधून सुटं ऑइल आणलं, अंदाजाने ओतलं. सात महिन्यांचं मशीन ऐन कामात जाम झालं. सर्व्हिस सेंटरने उघडून बघितलं, पिस्टनवर उभे ओरखडे. "कोणतं ऑइल वापरलं? बिल दाखवा." बिल नव्हतं. वॉरंटी नाकारली. पिस्टन-सिलेंडरचा खर्च सात हजारांच्या आसपास आला आणि गवत तसंच उभं राहिलं. तेव्हापासून ठरवलं, हा विषय नीट समजावून सांगायचा.

*पहिलं काम : तुमचं इंजिन टू-स्ट्रोकच आहे ना?*

सगळे ग्रास कटर टू-स्ट्रोक नसतात. काही फोर-स्ट्रोक असतात, उदाहरणार्थ होंडाचं जीएक्स-३५ इंजिन. त्यात ऑइल वेगळ्या जागी भरतात आणि टाकीत नुसतं पेट्रोल. तिथे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. ओळखायची सोपी खूण : इंजिनवर ऑइल भरायचं वेगळं झाकण आणि ऑइल बघायची काडी असेल तर ते फोर-स्ट्रोक. वेगळं झाकण नसेल आणि पेट्रोलच्या झाकणावर मिश्रणाचं चिन्ह किंवा ५०:१ असे आकडे असतील तर टू-स्ट्रोक. चेनसॉ आणि पाठीवरचे बरेचसे पेट्रोल फवारणी पंप टू-स्ट्रोकच असतात. खाली जे सांगतोय ते या सगळ्यांना लागू आहे.

*ऑइल एवढं महत्त्वाचं का?*

मोटरसायकलच्या इंजिनात खाली ऑइल साठलेलं असतं, तेच फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये असा साठा नसतो. पेट्रोलबरोबर जेवढं ऑइल आत जातं तेवढंच बेअरिंगला, पिस्टनला आणि सिलेंडरला मिळतं, आणि मग ते पेट्रोलसोबत जळून बाहेर जातं. म्हणजे या ऑइलला दोन कामं करावी लागतात : आधी वंगण द्यायचं, मग राख-काजळी न ठेवता जळून जायचं. त्यात ग्रास कटरचं इंजिन छोटं, हवेवर थंड होणारं आणि मिनिटाला सात-आठ हजारांच्या वर फेरे घेणारं. एका टाकीत ऑइल घालायला विसरलात तरी काही मिनिटांत पिस्टन चिकटू शकतो.

*डबीवर काय बघायचं?*

ब्रँडच्या नावाआधी दर्जा बघा. डबीच्या मागे एक चौकोनी शिक्का असतो, त्यात जासो (इंग्रजी अक्षरं जे, ए, एस, ओ), एक नोंदणी क्रमांक आणि दोन अक्षरं असतात. हे जपानी मानक आहे.

• एफबी : साधा दर्जा.
• एफसी : धूर कमी, काजळी कमी.
• एफडी : धूर एफसीएवढाच कमी, पण इंजिन आतून स्वच्छ ठेवण्यात सर्वांत वरचा.

काही डब्यांवर आयएसओचा दर्जा असतो : ईजीबी, ईजीसी, ईजीडी. ते अनुक्रमे एफबी, एफसी, एफडीच्या जोडीचे समजा. काहींवर एपीआय टीसी लिहिलेलं असतं, तेही हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत जो दर्जा लिहिलाय तो किंवा त्याच्या वरचा घ्या. खालचा घेऊ नका. निवड करायची वेळ आलीच तर ग्रास कटरला एफडी उत्तम.

*काय घालायचं नाही?*

१) होडीच्या मशीनचं ऑइल. आपल्या किनारपट्टीला हा धोका खरा आहे. बंदरावरच्या दुकानात टीसी-डब्ल्यू-३ लिहिलेलं ऑइल मिळतं. तेही टू-स्ट्रोकचंच, पण पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं. ते इंजिन कमी तापतं. आपलं हवेवरचं इंजिन जास्त तापतं, त्या तापमानात हे ऑइल पिस्टन-रिंग स्वच्छ ठेवू शकत नाही आणि रिंग चिकटायला लागतात.

२) बाइकचं २०-डब्ल्यू-४० ऑइल. ते इंजिनात राहण्यासाठी असतं, जळण्यासाठी नाही. प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते.

३) काढलेलं काळं ऑइल. त्यात लोखंडाचा कीस आणि घाण असते. हे तर अजिबात नको.

४) सुटं, बिनलेबलचं ऑइल. चेतक, लूनाच्या जमान्यात आपण पंपावर सुटं टू-टी घालायचो, गाड्या चालायच्या. तेव्हाचं इंजिन एवढं जोरात फिरत नव्हतं. आणि सुट्या ऑइलचा दर्जा तुम्हाला नंतर कोणालाच दाखवता येत नाही.

सीलबंद टू-टी ऑइल वाईट असतं असं नाही. त्यातल्या काही डब्यांवर एफसी किंवा एफडीचा शिक्का असतो. शिक्का बघून घ्या, एवढंच.

*प्रमाण : इथेच सगळे चुकतात*

५०:१ म्हणजे लिटरला ५० मिली *नाही*. ५० भाग पेट्रोल आणि १ भाग ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली. हा तक्ता पाठ करा :

• ५०:१ — १ लिटरला २० मिली, ५ लिटरला १०० मिली
• ४०:१ — १ लिटरला २५ मिली, ५ लिटरला १२५ मिली
• ३०:१ — १ लिटरला ३३ मिली, ५ लिटरला १६७ मिली
• २५:१ — १ लिटरला ४० मिली, ५ लिटरला २०० मिली

आता पुस्तिका नीट वाचा. काही कंपन्या दोन प्रमाणं देतात : त्यांचं स्वतःचं ऑइल वापरलं तर ५०:१, दुसरं ऑइल वापरलं तर ३३:१ किंवा २५:१. तुम्ही बाजारातलं ऑइल घेतलं आणि प्रमाण मात्र ५०:१ ठेवलं, तर ऑइल चांगलं असूनही अट मोडली. काही पुस्तिकांत नव्या मशीनला पहिल्या काही तासांसाठी जास्त ऑइल सांगितलेलं असतं, तेही बघा.

"थोडं जास्तच घातलेलं बरं" हेही खरं नाही. जास्त ऑइलने प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोंदतो, मशीन ओढत नाही. आणि डबीवर १००:१ची जाहिरात असली तरी पुस्तिकेतलंच प्रमाण धरा.

*मिसळायची पद्धत*

• मशीनच्या टाकीत मिसळू नका. पेट्रोलसाठीचा वेगळा, स्वच्छ कॅन ठेवा. पाण्याची पातळ बाटली नको.
• मोजायला मेडिकलमधली २० मिलीची सिरिंज घ्या. ५०:१ला एक सिरिंज म्हणजे एक लिटर. कीटकनाशक मोजायचं माप यासाठी वापरू नका आणि ही सिरिंज औषधाला वापरू नका.
• आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा.
• प्रत्येक वेळी टाकी भरण्याआधी कॅन हलवा.
• कॅनवर तारीख लिहा. महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण करा.

महिनाभर का? आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडची दमट हवा तर सांगायलाच नको. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. मशीन मात्र तळातून ओढतं, म्हणजे त्याला बिनऑइलचं मिश्रण मिळतं. तुम्ही २० मिली मोजून घातलेलं असूनही इंजिन कोरडं चालतं. म्हणून कॅनमध्ये गढूळपणा किंवा दोन थर दिसले तर ते मिश्रण वापरायचंच नाही. किती टक्के इथेनॉल चालतं हेही पुस्तिकेत दिलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेत २० टक्क्यांपेक्षा कमी लिहिलं असेल तर डीलरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ठेवून मशीन टांगू नका.

*वॉरंटी : कागद का हवा?*

पिस्टनवर ओरखडे येण्याची कारणं एकापेक्षा जास्त असतात. ऑइल कमी पडलं तर येतात, चुकीचं ऑइल असेल तर येतात. पण कार्बोरेटरचं सेटिंग चुकलेलं असेल किंवा सील-गॅस्केटमधून हवा आत ओढली जात असेल, तरीही मिश्रण पातळ होऊन तसेच ओरखडे येऊ शकतात. पहिली दोन कारणं आपली चूक, पुढची दोन मशीनचा दोष असू शकतो. मशीन उघडल्यावर वाद इथेच होतो. त्या वेळी तुमच्याकडे ऑइलचं बिल आणि डबी असेल तर "ऑइल बरोबर होतं, आता हवेची गळती तपासा" असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. काही नसेल तर बोलायला जागाच राहत नाही. काकांच्या मशीनमध्ये नेमका दोष कशाचा होता हे आजही ठरवता येत नाही, कारण दाखवायला काहीच नव्हतं.

हे आजच करा :

• मशीनच्या पक्क्या बिलाचा फोटो काढा. बिलावर सिरियल नंबर हवा. अनुदानावर घेतलेल्या मशीनचंही बिल तुमच्याजवळ हवं.
• वॉरंटी कार्ड भरून शिक्का घ्या. ऑनलाइन नोंदणी असेल तर डीलरकडून समोर करून घ्या.
• ऑइल नेहमी बिलावर घ्या. बिल आणि डबीच्या मागचा शिक्का, दोन्हींचा एक फोटो काढून ठेवा.
• कार्डावर बघा : "आमचंच ऑइल" अशी अट आहे, की "या दर्जाचं ऑइल" अशी? दोन्हींत फरक आहे.
• मशीन भाड्याने देत असाल तर अटी जरूर वाचा. बऱ्याच कंपन्या अशा वापराला कमी मुदत देतात.
• प्लग, फिल्टर, दोरी, ब्लेड हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत येत नाहीत.

*मशीन जाम झालंच तर*

दोरी जोर लावून ओढत बसू नका. गावातल्या मेकॅनिककडे उघडू नका, उघडलं की वॉरंटीचा विषय बहुधा संपतो. कॅनमधलं उरलेलं मिश्रण फेकू नका, ते तुमचा पुरावा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या, जॉब कार्ड घ्या. नकार दिला तर कारण लेखी मागा आणि पिस्टनचा फोटो मागा. नकार चुकीचा वाटला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः वापरायला मशीन घेतलेला शेतकरी कायद्याने ग्राहकच आहे. पण ऑइल खरंच चुकीचं घातलं असेल तर खोटं सांगू नका. उघडल्यावर कळतं, आणि पुढच्या वेळी आपल्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

*शेवटचा हिशोब*

समजा चांगलं ऑइल ४०० रुपये लिटर आणि सुटं २०० रुपये. ५०:१ने लिटरभर पेट्रोलला चांगल्याचे ८ रुपये होतात, सुट्याचे ४. हंगामात ३० लिटर पेट्रोल लागलं तर फरक १२० रुपयांचा. काकांचे सात हजार आठवा.

आज संध्याकाळी एवढंच करा : मशीनची पुस्तिका काढा आणि त्यातलं प्रमाण कॅनवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे घरातलं कोणीही मिसळलं तरी चुकणार नाही. पुस्तिका हरवली असेल किंवा डबीवरचं कळत नसेल तर इंजिनच्या प्लेटचा आणि डबीच्या मागच्या बाजूचा फोटो याच नंबरवर पाठवा. या वेळी मी आधी विचारीन, मगच सांगीन.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी