मोटारगाडीच्या स्प्रिंगांची निवड

मोटारगाडीचा सांगाडा चाकांवर थेट टेकलेला नसतो. तो स्प्रिंगांवर तोललेला असतो. या स्प्रिंगांकडे दोन कामे असतात. रस्त्याचे हादरे प्रवाशांपर्यंत पोहोचू न देणे हे पहिले, आणि टायर सतत रस्त्याला धरून राहील असे पाहणे हे दुसरे. गाडीचे वळणावरील वर्तन मुख्यतः दुसऱ्या कामावर अवलंबून असते. बाजारात मात्र बदली स्प्रिंगा बहुधा ‘गाडी किती खाली बसेल’ या एकाच मापाने विकल्या जातात. स्प्रिंगेची लांबी आणि तिची दृढता हे दोन स्वतंत्र गुण असल्यामुळे ही पद्धत अपुरी आहे.

रचनेनुसार स्प्रिंगांचे काही प्रमुख प्रकार पडतात. पाट्यांची स्प्रिंग घोडागाडीच्या काळापासून चालत आली असून मालमोटारींच्या आणि पिकअप गाड्यांच्या मागील आसावर ती आजही दिसते. पाटे एकमेकांवर घासत असल्याने तिच्यात थोडे अवमंदनही, म्हणजे हेलकावे शमणेही, आपोआप होते. पीळदंड हा सरळ पोलादी दांडा असून त्याला बसणाऱ्या पिळावर काम करतो. १९३४ च्या सित्रोएन त्राक्स्यों आव्हांमध्ये आणि पुढे फोक्सवागन बीटलमध्ये तो वापरला गेला. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी रबराचे शंकू बसवले होते. आजच्या बहुतेक प्रवासी गाड्यांत मात्र मळसूत्री स्प्रिंग असते. खरे पाहता तीही गुंडाळलेला पीळदंडच आहे, कारण दाबली असता तिची तार वाकण्याऐवजी मुख्यतः पिळली जाते.

स्प्रिंगेचा मूलभूत नियम रॉबर्ट हुक यांचा. त्यांनी तो १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात दडवून जाहीर केला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. बल जितके वाढेल तितक्याच प्रमाणात विस्थापन वाढते, असा त्याचा आशय आहे. एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारे बल म्हणजे स्प्रिंगेची दृढता. कारागिरांच्या भाषेत ‘स्प्रिंग रेट’. मळसूत्री स्प्रिंगेत ही दृढता तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताशी सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या सरासरी व्यासाच्या तिसऱ्या घाताशी आणि कार्यरत वेढ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून तार केवळ १० टक्क्यांनी जाड केली तरी स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी कडक होते. सहा कार्यरत वेढ्यांच्या स्प्रिंगेचा एक वेढा कापला, तर ती २० टक्क्यांनी कडक होते. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापण्याची युक्ती काही गॅरेजांत अजूनही केली जाते; तिच्यात कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण खाली लोंबल्यावर स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. ही युक्ती त्याज्यच मानली पाहिजे.

स्प्रिंगेवर छापलेल्या आकड्यावरून गाडीचे वर्तन कळत नाही, कारण तीच स्प्रिंग हलक्या गाडीत कडक आणि जड गाडीत मऊ ठरते. त्यासाठी नैसर्गिक कंप्रता हे खरे माप आहे: धक्का बसल्यावर स्प्रिंगांवरील भार सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहतो, याची ती संख्या. आरामदायी गाड्यांत ती एक हर्ट्‌झच्या थोडी वर, सर्वसाधारण गाड्यांत दीडपर्यंत आणि रस्त्यावरच्या क्रीडाप्रकारच्या गाड्यांत दीड ते दोन हर्ट्‌झ असते. शर्यतीच्या गाड्या याही पुढे जातात, पण त्यांचा रस्ता आपला नव्हे. कंप्रता दृढतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ३० टक्के कडक स्प्रिंग बसवल्यावर कंप्रता जेमतेम १४ टक्क्यांनी वाढते, आणि १.२ वरून १.५ हर्ट्‌झवर जायचे तर दृढता ५६ टक्क्यांनी वाढवावी लागते.

पुढच्या आणि मागच्या कंप्रतांचे परस्परनाते मॉरिस ऑली यांनी प्रयोगाने उलगडले. रोल्स-रॉइसमधून आलेले हे ब्रिटिश अभियंते १९३० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे रुजू झाले. त्यांनी एका मोठ्या गाडीच्या पुढेमागे सरकवता येतील अशी वजने लावली आणि ती बदलत गाडी चालवून पाहिली. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, नंतर मागच्यांना. मागची कंप्रता थोडी अधिक असेल, तर उशिरा सुरू झालेली मागची हालचाल पुढचीला गाठते आणि गाडी नाक न डोलवता सपाट वरखाली होऊन स्थिरावते. त्या काळच्या गाड्यांत पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून कडक असत. ही प्रथा उलटवण्यासाठी पुढील चाकांना स्वतंत्र निलंबन (सस्पेन्शन) लागले, आणि जनरल मोटर्सने ते १९३४ च्या गाड्यांत आणले.

हिशेबात नेहमी निसटणारी बाब म्हणजे तरफेचे गुणोत्तर. स्प्रिंग चाकाच्या अगदी वर क्वचितच असते. चाक १० मिलिमीटर उचलले असता स्प्रिंग ७ मिलिमीटर दाबली जात असेल, तर चाकाशी जाणवणारी दृढता ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने गुणून येते. निम्मी स्प्रिंग वाटेतच हरवते. चाकाच्या उभ्या खांबाभोवतीच स्प्रिंग असलेल्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये हे गुणोत्तर एकाच्या जवळ असते, मागच्या आसावर बरेचदा कमी. उदाहरणार्थ, पुढच्या एका चाकावर स्प्रिंगेने तोललेले वस्तुमान २८० किलो आणि चाकाशी दृढता २० न्यूटन प्रति मिलिमीटर असेल, तर कंप्रता सुमारे १.३५ हर्ट्‌झ येते. मागे १८० किलोला १.५ हर्ट्‌झ हवी असेल, तर चाकाशी १६ न्यूटन प्रति मिलिमीटर दृढता लागेल, आणि गुणोत्तर ०.७ असल्यास प्रत्यक्ष स्प्रिंग जवळजवळ ३३ ची घ्यावी लागेल. पुढे आणि मागे सारखाच आकडा मागणाऱ्या ग्राहकाने हे गणित एकदा करून पाहावे.

आता वळणाचा विचार. कडक स्प्रिंगेने वळणावर भार बाहेरच्या चाकांकडे कमी जातो, हा समज चुकीचा आहे. एकूण भारांतर गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर आणि वळणाचा वेग यांवरच जवळजवळ ठरते. एक हजार किलोची गाडी, अर्धा मीटर उंच गुरुत्वमध्य आणि १.४ मीटर चाकांतर असताना ०.७ जी इतक्या पार्श्व त्वरणाला सुमारे २५० किलो भार पलीकडे सरकतोच, स्प्रिंगा कोणत्याही असोत. त्यातला किती वाटा पुढच्या आसाने आणि किती मागच्याने उचलायचा, एवढेच स्प्रिंगा ठरवतात. टायरवर भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या आसाकडे भारांतराचा वाटा जास्त, त्याची पकड आधी संपते. पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीचे नाक वळणावर बाहेर ओढले जाते. अशा गाडीत फक्त पुढच्या स्प्रिंगा कडक केल्याने तो दोष बहुधा वाढतो. तेथे मागची बाजू थोडी कडक करणे किंवा मागे दोन्ही चाकांना जोडणारा जाड स्टेबिलायझर बार लावणे अधिक शहाणपणाचे. मागची बाजू अति कडक केली, तर ओल्या रस्त्यावर गाडीचे शेपूट सुटते, हेही ध्यानात असावे.

उंची कमी केल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, हा लाभ खरा असला तरी लहान आहे. मॅकफर्सन रचनेत गाडी खाली बसली की खालच्या भुजा बाहेरच्या टोकाला वर झुकतात आणि गाडीचे झुकाव-केंद्र (वळणावर ती ज्याभोवती कलते तो बिंदू) गुरुत्वमध्याहूनही वेगाने खाली जाते. परिणामी गाडीला कलवणारी तरफ लांबते. शिवाय दाबाची जागा कमी झाल्याने निलंबन लवकर रबरी ठोकळ्यावर आदळते. वळणात असे घडले, तर त्या चाकाची दृढता क्षणात अनेकपट होते. माझ्या मते रोजच्या वापराच्या गाडीत २५ ते ३० मिलिमीटरपेक्षा अधिक उतरणे शोभेसाठीच असते. उतरलेल्या गाडीला गतिरोधकही ओलांडायचे असतात: भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे. गावोगावचे गतिरोधक हे मानक किती पाळतात, ते चालक जाणतातच.

स्प्रिंग बदलली की शॉकअपचा, म्हणजे हेलकावे शमवणाऱ्या नळकांड्याचा, प्रश्न येतो. तोच शॉकअप ठेवून स्प्रिंग ३० टक्के कडक केली, तर अवमंदनाचे गुणोत्तर सुमारे १२ टक्क्यांनी घटते. नवा शॉकअप एवढे सांभाळून घेतो, जुना घेत नाही. कधी एक तर कधी चार प्रवासी असा भार मागच्या बाजूला बदलत असेल, तर वेढ्यांतील अंतर असमान असलेली, दाबत जावे तशी कडक होणारी स्प्रिंग उपयोगी पडते; एकट्या चालकाला समान वेढ्यांची स्प्रिंग अधिक अंदाजाची वाटते. कडकपणा म्हणजेच उत्तम पकड असे मानणाऱ्यांनी १९६२ ची लोटस एलान आठवावी: अत्यंत हलकी, मऊ स्प्रिंगांची, आणि तरीही वळणांसाठी नावाजलेली. खडबडीत रस्त्यावर चाक हवेत उडवणारी स्प्रिंग कितीही कडक असली तरी पकड देऊ शकत नाही.

नव्या स्प्रिंगा बसवल्यावर भुजांचे बुश गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत, अलाइनमेंट करावी आणि हेडलाइटची दिशा तपासावी. दाबलेली स्प्रिंग सुटल्यास जीवघेणी इजा होऊ शकते, म्हणून हे काम योग्य साधनांनिशीच व्हावे. गाडीचे टायर जुने, कडक झालेले असतील, बुश फाटलेले असतील किंवा शॉकअप गळत असतील, तर पैसे आधी तेथे खर्च करावेत. स्प्रिंगांचा विचार त्यानंतर.