हवेला चुना

हवाईतल्या मौना लोआच्या वेधशाळेत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मे 2025 ची सरासरी 430 पीपीएमच्या वर गेली, हे वाचून झालं असेल. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, घरात ठेवायचं कार्बन शोषणारं यंत्र निघालंय म्हणे, घ्यावं का?

निघालंय, जपानात. नाव ‘हियाश्शी’. सुटकेसएवढी पेटी, पडद्यावर गोंडस चेहरा. मंगळावर जायच्या वेडातून काझुमी मुराकी या तरुणाने ते बनवलं. पेटी हवा ओढते आणि अल्कलीच्या द्रावणातून सोडते. म्हणजे शाळेतली चुन्याची निवळीच! नळीने फुंकलं की ती दुधाळ व्हायची. तो गढूळपणा म्हणजे पकडलेला कार्बन डायऑक्साइड. दिवाळीआधी चुना मारलेली गावाकडची भिंतसुद्धा हाच वायू पिते, तोही प्लगशिवाय. फक्त भट्टीत चुनखडी भाजताना तेवढाच वायू आधी सुटलेला असतो, शिवाय जळणाचा धूर वेगळा.

आता हिशोब. दहा बाय दहा, उंचीही दहा फूट, अशा खोलीतल्या हवेत हा वायू असतो जेमतेम 22 ग्रॅम. नुसता बसलेला माणूस पाऊण तासात साधारण तेवढा उच्छ्वासातून सोडतो. (तो अन्नातून येतो, त्याची खंत नको.) पण 14.2 किलोचा गॅस सिलिंडर संपतो तेव्हा सुमारे 42 किलो वायू झालेला असतो. तो फेडायचा तर अशा एकोणीसशे खोल्यांची हवा पार धुऊन काढावी लागेल.

धुवायची कशाने? कॉस्टिक सोडा वापरला तर किलोभर वायूला 1.8 किलो सोडा लागतो. तो मिठाच्या पाण्यात वीज सोडून बनतो. एवढ्याला चारेक युनिट जातात. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो वायू सुटतो. म्हणजे एक किलो पकडायला पावणेतीन किलो सोडला. त्याच विजेत क्लोरिनही बनतो, सगळं पाप सोड्याच्या माथी नको. पण निम्मं धरलं तरी व्यवहार तोट्याचाच.

आइसलँडमधल्या, हवेतून कार्बन पकडणाऱ्या मोठ्या प्रकल्पांची गोष्ट निराळी. तिथे भूगर्भातली उष्णता हाताशी आहे आणि वायू पुरायला खाली बेसाल्ट. आपल्या फ्लॅटखाली पार्किंग.

आणि पेटीत साचलेल्या द्रावणाचं काय? सोड्याने वायू पकडला की होतो धुण्याचा सोडा. मोरीत ओतला आणि मागून संडास साफ करायचं अ‍ॅसिड गेलं, की फसफसत सगळं पुन्हा हवेत.