माझी महत्त्वाकांक्षा : एक रोजनिशी आणि कवी नर्मद

मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला शाळेत जे निबंध हटकून येतात, त्यांत ‘माझी महत्त्वाकांक्षा’ हा अग्रगण्य होय. माझ्या नोकरीच्या जवळजवळ तीस वर्षांत या एका विषयावरचे निबंध मी किती तपासले असतील याची गणती नाही. त्यांतील मजकूर आता मला तोंडपाठ झाला आहे. मुलगा डॉक्टर होतो, खेड्यात जातो आणि गोरगरिबांना मोफत औषध देतो. अलीकडे डॉक्टरची जागा कधी अभियंता घेतो, कधी स्पर्धा परीक्षा देऊन झालेला अधिकारी. परंतु खेडे आणि गोरगरीब कायम असतात. मुलगी बहुधा शिक्षिका होते. त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. आमच्या लिंबायत-उधन्याकडील वस्तीत बाया दिवसभर राबतात, घरी साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात. पण खुर्चीवर बसून पगार घेणारी स्त्री मुलीने जवळून पाहिलेली असते ती बहुतेक वर्गातल्या बाईच.

याच वहीत, चार-सहा पाने उलटली की, ‘माझा आवडता छंद’ हा दुसरा निबंध सापडतो. तेथे सगळा वर्ग पोस्टाची तिकिटे जमवीत असतो! ज्या घरांत वर्षाकाठी एक पत्र येत नाही, तेथील मुलांनी तिकिटे कोठून जमवावीत? पण मार्गदर्शकात तसे छापलेले असते. या दोन निबंधांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही, हे मला फार दिवस खटकत आले आहे. मुलाला रोज कशात आनंद वाटतो हे एका निबंधात, त्याला पुढे काय व्हायचे आहे हे दुसऱ्यात, आणि दोन्ही ठिकाणचे उत्तर परक्याचे.

म्हणून काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाला मी रोजनिशी लिहावयास लावली. रोज पाच ओळी. त्यात शुद्धलेखनाला तांबडी शाई लावायची नाही, विचारल्याशिवाय कोणाचे पान वर्गात वाचायचे नाही आणि घरचा अहिराणी शब्द आला तर तो खोडायचा नाही, एवढे तीन नियम. पहिले पंधरा दिवस सारी मुले पहाटे उठत होती, दात घासत होती आणि आईवडिलांना नमस्कार करीत होती. नंतर हळूहळू त्यांचा धीर चेपला. कोणी उत्तरायणाच्या आधी दोरा सुतवण्याचे वर्णन लिहिले, कोणी चंदी पडव्याच्या रात्री रस्त्याकडेला बसून खाल्लेल्या घारीचे. एका मुलीने कानबाईच्या रोटांविषयी इतके बारकाईने लिहिले की, ते वाचून माझ्या पत्नीने काही गोष्टी टिपून घेतल्या.

त्याच वर्गातील एका मुलाची रोजनिशी मी त्याला व त्याच्या वडिलांना विचारून येथे सांगत आहे. नाव देण्याचे कारण नाही. घराणे खानदेशातले. सुरत-भुसावळ लोहमार्ग १९०० साली पूर्ण झाला. त्यानंतर त्या मार्गाने पोटासाठी जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या इकडे येत राहिली, त्यांतलेच हे एक कुटुंब. वडील लूम्सच्या खात्यात कारागीर. पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. मजुरी विणलेल्या मीटरवर. मुलाने पहिल्या महिन्यात लिहिले होते की, वडिलांची रातपाळी असली म्हणजे घरात सगळे कुजबुजत बोलतात, धाकटी बहीणसुद्धा. आणि दिवसपाळी सुरू झाली की घरात पुन्हा भांडणे करता येतात, म्हणून तो आठवडा त्याला अधिक आवडतो.

पुढे एके दिवशी त्याने खात्याविषयी लिहिले. वडिलांचा डबा घेऊन तो जात असे. आत इतका गोंगाट की शेजारच्या माणसाशी हाताच्या खुणांनी बोलावे लागते. परंतु या मुलाला त्या गोंगाटात प्रत्येक लूमचा ठोका वेगळा ऐकू येई. धोटा इकडून तिकडे जातो त्याला एक चाल असते, आणि पट्टा सैल झाला की ती चाल लंगडते, असे त्याने लिहिले होते. एकदा तशी लंगडी चाल त्याला ऐकू आली. त्याने खुणेने ते यंत्र दाखविले, आणि तपासता पट्टा खरोखरच सैल निघाला. त्या दिवशी पाच ओळींच्या ऐवजी त्याने दीड पान लिहिले. दुसऱ्या दिवशीचे पान मात्र आखूड होते. वडिलांनी बजावले होते की, तू शिकतोस ते खात्याचे तोंड पुन्हा पाहावे लागू नये म्हणून. आपल्याला जे आवडते ते वाईट असते काय, असा प्रश्न त्या पानाच्या तळाशी होता. आवडते ते आणि व्हायचे ते, हे दोन निबंध एका पानावर आलेले मी तेव्हा प्रथमच पाहिले.

या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मला आठवण झाली ती याच शहरात जन्मलेल्या एका विद्यार्थ्याची. कवी नर्मदाशंकर लालशंकर दवे यांचे नाव सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक असते ते विद्यापीठाच्या नावामुळे, वाचनालयामुळे, गुजरातच्या गौरवगीतामुळे. परंतु त्यांचे विद्यार्थिजीवन आपल्या घरांत फारसे कोणाला माहीत नाही. जन्म २४ ऑगस्ट १८३३ चा. नर्मद अकराव्या वर्षात असताना, जून १८४४ मध्ये, येथे दुर्गाराम मेहताजींनी ‘मानवधर्म सभा’ स्थापिली आणि त्या कामी त्यांचे साथी होते आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग. दादोबा त्या काळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत होते. मराठी आणि गुजराती शिक्षकांनी मिळून या शहरात विचारांची जी हवा निर्माण केली, तीत हा मुलगा वाढला.

वडील मुंबईस कोर्टात लेखनिक. १८५० साली नर्मद एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. वय सतरा. त्याच सुमारास विद्यार्थ्यांच्या मंडळीत त्यांनी मंडळी स्थापन केल्याने होणाऱ्या लाभांविषयी एक भाषण वाचले. गुजराती गद्यातील निबंधाचा आरंभ अभ्यासक तेथून धरतात. याच वर्षाच्या अखेरीस आई वारली. कॉलेज सुटले, ते सुरतेस परतले, आणि १ मे १८५२ रोजी रांदेरच्या शाळेत मास्तर झाले. तापीवर होप पूल झाला तो १८७७ मध्ये. तोवर रांदेरला जायचे तर होडीतून. पुढे बदली नानपुऱ्यास झाली. १८५३ मध्ये पत्नी निवर्तली. विसाव्या वर्षी या तरुणाजवळ नोकरी होती, पण मन कशात लागत नव्हते. १८५४ च्या आरंभी राजीनामा देऊन तो पुन्हा मुंबईस गेला आणि आपल्याहून लहान मुलांच्या जोडीने पुन्हा विद्यार्थी झाला. शिक्षक होऊन मग विद्यार्थी होण्याचे धैर्य किती जण दाखवतील?

येथपर्यंत त्यांच्या जीवनात महत्त्वाकांक्षा होती, पण तिला आकार नव्हता. तो आला १८५५ मध्ये, आणि आला तो एका लहानशा आनंदातून. पदे रचू लागल्यावर अस्वस्थ मनाला विसावा मिळतो, असा अनुभव त्यांना येऊ लागला. म्हणजे ‘मी कवी होणार’ असे ठरवून त्यांनी कविता केली नाही. रचण्यात सुख वाटले, आणि त्या सुखाच्या मागे ते चालत गेले. मग मात्र कष्ट करण्यात कसर ठेवली नाही. छंदःशास्त्राची एक हस्तलिखित पोथी एका गवंड्याकडे आहे असे कळले. तो ती घराबाहेर नेऊ देईना, तेव्हा नर्मद त्याच्याकडेच बसून ती उतरवून घेत राहिले. कॉलेजची पदवी त्यांच्या हाती कधीच आली नाही. हे सगळे त्यांनी १८६६ साली ‘मारी हकीकत’ या आत्मवृत्तात लिहिले. लिहिले ते स्वतःसाठी म्हणून. अगदी मोजक्या प्रती छापल्या. लोकांसाठी ते पुस्तक निघाले १९३३ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी. त्यात तारखा आहेत, मनाची लाज वाटावी अशा कबुल्या आहेत, बढाईही आहे. मला ते थोर माणसाच्या चरित्रापेक्षा एखाद्या विद्यार्थ्याच्या रोजनिशीसारखे वाटते, आणि म्हणूनच ते मला आवडते.

२३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली, घरी येऊन लेखणीकडे पाहिले आणि भरल्या डोळ्यांनी यापुढे आपण तिच्याच आधाराने जगू असा निश्चय केला. हा प्रसंग गुजराती मुलांना पाठ असतो, भाषणांत तो नेहमी येतो. पण भाषण तेथेच संपते याचे मला नवल वाटते. लेखणीने त्यांना कीर्ती दिली. ‘नर्मकोश’ हा पहिला मोठा गुजराती शब्दकोश १८७३ मध्ये त्यांनी एकहाती पुरा केला. पण घरखर्च भागेना, कर्ज वाढत गेले. १८८२ साली, चोवीस वर्षे पाळलेला निश्चय मोडून, मुंबईच्या गोकुळदास तेजपाल धर्मखात्यात त्यांना नोकरी पत्करावी लागली. २६ फेब्रुवारी १८८६ रोजी ते वारले. ही अखेर मुलांना सांगू नये, त्यांचा उत्साह मावळेल, असे काही शिक्षकबंधूंचे मत आहे. मला ते पटत नाही. आवडीच्या मागे जाण्याची किंमत असते, आणि ती मोजलेल्या माणसाकडूनच ती समजून घ्यावी.

आपल्या मराठी घरांत याच संदर्भात आगरकरांचे नाव निघते. डेक्कन कॉलेजात एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा हा विद्यार्थी. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी घालवीन, असे त्याने आईला कळविले. ते पत्र वाचून आजही मन नम्र होते. तरीही आठवीतल्या मुलापुढे नेहमी तेवढेच पत्र ठेवावे काय, याची मला शंका आहे. त्याच कॉलेजात टिळकांनी पहिले वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालविले आणि ते परीक्षेत नापास झाले, हेही सांगावे. टिळक पुढे गणितात पहिल्या वर्गात उतरले हे तर आपण सांगतोच. शरीर कमावण्याचा तो आनंद त्यांना तुरुंगातसुद्धा उपयोगी पडला असावा. त्याग शिकविण्याची आपल्याला इतकी घाई असते की, मुलाला आधी काही आवडू द्यावे हे राहूनच जाते.

या मुलाच्या वडिलांना मी एका रविवारी शाळेत बोलावले. ते आले. त्यांचे म्हणणे मला खोडता येण्याजोगे नव्हते. वीस वर्षे त्या आवाजात उभे राहून त्यांना एका कानाने कमी ऐकू येते. आजारी पडले तर त्या दिवसाचे मीटर बुडतात. मुलाने लूमचा ठोका ओळखला याचे त्यांना कौतुक होते. पण त्याची भीतीही होती. कारण ज्याचे हात यंत्रावर चांगले चालतात त्याला आठवीनंतर खात्यात ओढून नेणारे पुष्कळ असतात, आणि घरातली अडचण अशा वेळी नेमकी उभी राहते. मी त्यांना नर्मदांची गोष्ट सांगितली, अखेरीसकट. नंतर यंत्रांची गोष्ट काढली. सुरतेत धोट्याच्या लूमांच्या जागी आता रेपियर, वॉटरजेट यांसारखी यंत्रे येत आहेत. त्यांच्यापुढे उभे राहायला माणसे कमी लागतात. पण ती नीट ठेवणारा, त्यांतील बिघाड ओळखणारा जाणता माणूस लागतो. तो खात्यात वाढून तयार होत नाही, त्याला आय.टी.आय. किंवा पदविका लागते. मुलाचा कान आणि वडिलांची इच्छा, दोन्ही एका वाटेवर येण्याचा संभव आहे एवढेच माझे म्हणणे होते.

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. फी किती, ही पहिली. तिची माहिती मी काढून दिली. दुसरी अधिक अवघड होती : “गुरुजी, तिथलं शिकवणं मराठीत असतं का?”

नसते. येथे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पुढे गुजराती आणि इंग्रजीत उभे राहावे लागते. आपल्या समाजात अनेकांना हा खड्डा ओलांडता आलेला नाही, आणि त्याचा दोष आपण मुलांच्या बुद्धीला देत बसतो. मुलगा बाजारात गुजराती सफाईने बोलतो. वाचताना मात्र अडखळतो. वडिलांनी अट घातली की, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत खात्यात पाऊल टाकायचे नाही, डबा बहीण नेईल किंवा ते स्वतः सोबत नेतील. मुलाने ती मान्य केली. रोजनिशीत त्या दिवशी एकच ओळ होती.

आता तो दहावीत आहे. शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबतो, आणि आम्ही दोघे गुजराती वाचतो. सुरुवात वर्तमानपत्रातील बाजारभावांपासून केली. नंतर ‘मारी हकीकत’ घेतले. जुनी गुजराती मलाही जड जाते, रोज दीड-दोन पानेच होतात. सध्या आम्ही रांदेरपर्यंत आलो आहोत.