बँकॉकच्या गाडीवर खावं की नाही?

थायलंडला निघालेल्या मराठी पर्यटकाच्या बॅगेत थेपले, चिवडा आणि लोणच्याची बाटली असतेच. तिथलं काही खाल्लं तर पोट बिघडेल, ही त्यामागची धास्ती. काळजी रास्तच आहे, पण ती बहुधा भलत्याच पदार्थांवर खर्च होते.

गाडीवरचं अस्वच्छ आणि हॉटेलातलं सुरक्षित, हा सर्वांत पक्का गैरसमज. जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात. डोळ्यांदेखत मोठ्या आचेवर परतलेलं, वाफाळतं पॅड थाय त्यामुळे बरंच निर्धोक असतं. तासन् तास कोमट राहिलेला बुफेतला भात किंवा आधीच चिरून ठेवलेली फळं तशी नसतात. स्थानिकांची गर्दी असलेल्या गाडीवर माल शिळा व्हायला वेळच मिळत नाही. बँकॉकच्या पहिल्या मिशलिन गाइडने डिसेंबर २०१७मध्ये एक तारा दिला तो जे फाय यांच्या रस्त्याकडेच्या साध्या दुकानाला. डोळ्यांवर गॉगल चढवून त्या कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट करतात.

बर्फ सरसकट नाकारायचंही कारण नाही. मधोमध भोक असलेले नळकांडीसारखे तुकडे कारखान्यात, शुद्ध केलेल्या पाण्यापासून बनतात. लादी फोडून केलेला चुरा मात्र टाळावा.

खरा धोका वेगळाच आहे. तिखट आणि लिंबू जंतू मारतात, असं आपल्याकडेही छातीठोकपणे सांगितलं जातं. ईशान्य थायलंडात, म्हणजे इसानमध्ये, गोड्या पाण्यातले कच्चे मासे लिंबू-मिरची लावून खातात. त्या पदार्थाला कोई प्ला म्हणतात. माशांतला यकृतकृमी लिंबाने मरत नाही. तो वर्षानुवर्षं पित्तनलिकेत राहतो आणि त्यातून तिथे कर्करोग होऊ शकतो. या भागात त्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं आहे. तोच मासा नीट शिजवला की कृमी मरतो.

शाकाहाऱ्यांची फसगत भाजीच्या ताटात होते. कच्च्या पपईच्या सोम तामसारख्या कोशिंबिरीतही माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, आणि बहुतेकदा सुकी कोळंबी असते; नुसतं ‘मटण-मासे नकोत’ म्हणून भागत नाही. त्यापेक्षा पिवळ्या पाटीवरची लाल अक्षरं शोधावीत, इंग्रजी १७सारखी दिसणारी. हे ‘जे’ जेवण: मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. जैन प्रवाशांना एवढा सोयीचा पर्याय परदेशात क्वचितच सापडेल.

आणि सगळंच काही परकं नसतं. नारळाचं दूध आणि तांदळाच्या पिठाचे खानोम ख्रोक तर खळग्यांच्या बिडाच्या तव्यावर, आपल्या अप्प्यांसारखेच होतात. तळलेले नाकतोडे चाखायचे तर जरूर चाखावेत. फक्त कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण तीच ॲलर्जी कीटकांनीही उठू शकते.